पाच वाजताची सावली

वाचकाचं पत्र:

ताई, आमचं घर जुळे सोलापुरात आहे. एकमजली बंगला, बांधून २२ वर्षं झाली. प्लॉट ४० बाय ७५ फूट, तोंड पश्चिमेला. पुढे १५ फूट जागा आहे, तिथे गाडी आणि एक मोठा कडुनिंब. मागे पूर्वेला १८ फूट अंगण आहे, पण तिथे धुण्याचा दगड आणि अडगळच जास्त. दक्षिणेला ८ फुटांचा बोळ, पलीकडे शेजाऱ्यांचा दुमजली बंगला. उत्तरेला ५ फुटांचा बोळ. मुलगा म्युनिकला असतो. त्याच्या घराला काचेची खोली आहे, हिवाळ्यात सगळे तिथेच बसतात. तशीच सनरूम त्याला आम्हाला बांधून द्यायची आहे, पैसे तोच पाठवणार आहे. ठेकेदार म्हणतो, पुढच्या बाजूला करा, रस्त्यावरून उठाव येईल, फक्त कडुनिंब काढावा लागेल. मिस्टरांना गच्चीवर हवी आहे. वास्तूचं बघणारे म्हणाले, ईशान्येला जड काही बांधू नका. सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ८४ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, त्यांना सकाळचं ऊन हवं असतं. माझं एवढंच मागणं आहे की संध्याकाळी आम्हा दोघांना चहा घेऊन घराबाहेर बसता यावं. आता बसायला कुठेच जागा नाही. उन्हाळ्याच्या आत काम उरकायचं आहे. नकाशा सोबत पाठवते आहे. कुठे काढू?

उत्तर:

ताई,

तुम्ही नकाशा हातानं काढलात, फुटांचे आकडे टाकलेत, कडुनिंबाचं वर्तुळसुद्धा विसरला नाहीत. एवढं हाताशी असलं की लांबून सांगणंही सोपं जातं. म्हणून आधी उत्तर देते, मग कारणं. बसायची जागा मागच्या अंगणात करा, पूर्वेला, उत्तरेकडच्या टोकाला. काच नको. ओसरी काढा, उघडी. आणि कडुनिंबाला हात लावू नका.

मुलाचं मन मला कळतं. तो जिथे राहतो तिथे ती खोली खरंच सुखाची आहे. म्युनिक ४८ अक्षांशावर. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश वर येतो. बाहेर गारठा, आणि ते तिरपं ऊन काचेतून थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. काच ऊन आत घेते, त्यानं जमीन आणि खुर्च्या तापतात, आणि त्यांची ऊब काच सहजी बाहेर सोडत नाही. तिथे नेमकं हेच हवं असतं. आपलं सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा आपल्याकडे दुपारचा सूर्य ४९ अंशांवर असतो आणि पारा तिशीच्या आसपास. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा तसंच होतं. दुपारी काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी उघडताना तोंडावर जो भपका येतो, तोच त्या खोलीत रोज असेल, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. एसी लावून बसायचं तर ते हॉलमध्येही बसता येतं.

तुमचं पत्र माझ्याकडे जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपल्यावर आलं. या दिवसांत आपल्याकडचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. सकाळी खुर्ची ओढून माणसं उन्हात बसतात, हुरड्याचे बेत होतात. आणि घराच्या उन्हाची जागा माणसं याच दिवसांत ठरवतात, तिथेच फसतात. सोलापुरात बसायची जागा ठरवायची ती मे महिन्यातल्या संध्याकाळचे पाच वाजले आहेत असं समजून. त्या वेळी जिथे सावली आहे ती जागा पहिली धरायची, मग तिथे डिसेंबरातल्या सकाळचं ऊन येतं का ते बघायचं. उलट्या बाजूनं निघालात की काचेची खोली पुढे येते.

तुमच्या पुढच्या बाजूचं तेवढं मोजून दाखवते. आपल्या घड्याळाप्रमाणे सोलापुरात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. म्हणजे घड्याळात पाच वाजतात तेव्हा त्याला अजून बराच पल्ला असतो. पाच वाजता तो क्षितिजापासून साधारण २५ अंश वर असतो, जवळजवळ समोर पश्चिमेला. छपराची कड जमिनीपासून ९ फूट उंच धरली तर त्या वेळचं ऊन कडेपासून १९ फूट आत शिरतं. पुढे काढायची काचेची खोली १० फूट रुंद धरू. म्हणजे ती संपूर्ण भरून ऊन मागच्या भिंतीवर चढलेलं असणार. चार वाजताही ते ११ फूट आत येतं. छज्जा कितीही वाढवला तरी हे ऊन छज्जाखालून येतं, त्याला वरून अडवता येत नाही, समोरूनच अडवावं लागतं. आणि समोरून पडदे ओढायचे असतील तर काच कशासाठी लावली? शिवाय काचेच्या आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता आत येऊन गेलेली असते. पडदा लावायचाच तर काचेच्या बाहेरून.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका घराला पश्चिमेला काचेची गॅलरी काढून दिली होती. मालकांचा आग्रह होता, आणि मीही नकाशावर दिसणाऱ्या रूपाला भुलले. वास्तुशांत डिसेंबरात झाली, सगळ्यांनी तिथे बसून कौतुक केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गेले तेव्हा त्या बाई तिथे कुरडया आणि सांडगे वाळत घालत होत्या. संध्याकाळी त्या घराच्या हॉलची भिंत हाताला गरम लागत होती आणि घरातली म्हातारी आई आतल्या अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली बसली होती. ती भिंत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर मी सोलापुरात कुणालाही पश्चिमेला काच सुचवलेली नाही.

आता कडुनिंब. तुमच्या नकाशात तो नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हाच्या वाटेत नेमका उभा. २२ वर्षांत त्यानं तुमच्या हॉलला किती वाचवलंय हे तो पडल्यावरच कळेल, आणि तेव्हा पुन्हा २२ वर्षं थांबावं लागेल. त्यात शहरातलं झाड असं ठेकेदाराच्या सांगण्यावरून तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण कायदा बाजूला ठेवूनही सांगते, सोलापुरात उभं असलेलं झाड पाडून त्याजागी उन्हाची खोली बांधणं मला बघवणार नाही. त्याऐवजी त्याच्या बुंध्यापासून दीड-दोन फूट मोकळी माती सोडून एक साधा दगडी कट्टा करा. छप्पर नको, खांब नकोत. उन्हाळ्यात सकाळी तुमच्या घराची सावली पश्चिमेकडेच पडलेली असते, वर झाड आहेच. दहा-साडेदहापर्यंत पेपर वाचायला, भाजी निवडायला ती घरातली सगळ्यात गार जागा होईल.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. माळवदाचं घर, पूर्वेला सोपा, पश्चिमेला गोठा आणि त्याच्यामागे लिंब. आजोबांची बाज सकाळी लिंबाखाली असायची. जेवणानंतर ते घरात पडायचे, आणि चार वाजले की दोन गडी ती बाज उचलून सोप्यापुढच्या अंगणात आणून टाकायचे. अंगणात सडा पडलेला असायचा. सावली फिरायची तशी बाज फिरायची. त्यांना कुणी अंश शिकवले नव्हते, पण एकाच जागी बारा महिने आणि बारा तास सुखानं बसता येत नाही हे त्या घराला माहीत होतं. तुमच्या पत्रात आण्णांना सकाळचं ऊन हवं आहे, तुम्हाला संध्याकाळची सावली, मुलाला काहीतरी द्यायचं आहे. एकाच खोलीनं हे सगळं करावं असं वाटतं म्हणून कोडं पडलंय.

गच्चीचा विचार मी थोडक्यात बाजूला ठेवते. आण्णांना जिना चढवत नाही, तिथेच तो संपतो. सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेला स्लॅब बराच वेळ पायाला भाजतो. गच्ची ही आपल्याकडे रात्रीची जागा आहे, पाणी मारून गादी टाकायची. मिस्टरांना तिथे काही करायचंच असेल तर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या कूल-कोट रंगाचा हात मारून घ्या, खालच्या खोल्या दुवा देतील.

दक्षिणेबद्दल मात्र थोडं थांबते, कारण हे इतर वाचकांच्या कामाचं आहे. ज्यांच्या घराला दक्षिणेला मोकळी जागा आहे त्यांनी तिथे ओसरी जरूर काढावी. दक्षिणेचं ऊन शहाणं असतं. ९ फुटांवर छपराची कड असेल तर डिसेंबरातल्या दुपारी ते जवळजवळ ८ फूट आत येतं, मार्चअखेर ३ फुटांच्या आत थांबतं, आणि मे महिन्यात आत येतच नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. हवं तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली, काहीही न उघडता-मिटता. पण तुमच्याकडे दक्षिणेला ८ फुटांचा बोळ आणि त्यापलीकडे दुमजली भिंत. तो बंगला २२ फूट उंच धरला तर डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली १९ फूट उत्तरेकडे पडते. तुमचा बोळ त्या सावलीत बुडालेला असतो. तिथे ओसरी काढलीत तर हिवाळ्यात ऊन नाही, उन्हाळ्यात वारा नाही.

राहिलं मागचं अंगण, जिथे तुम्ही आज अडगळ ठेवता. तुमच्या घराची उंची गच्चीच्या कठड्यासकट १४ फूट धरते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता घराची सावली मागे ६ फूट पडते, तीनला १० फूट, चारला १७, आणि पाच वाजता ३० फूट. म्हणजे चार वाजता तुमचं १८ फुटांचं अंगण जवळजवळ सगळं सावलीत असतं, आणि ही सावली तुम्हाला फुकट मिळते, घरानेच दिलेली. छपराची गरज त्या वेळी नाहीच. छप्पर लागतं ते सकाळी भिंत आणि फरशी तापू नये म्हणून, आणि पावसासाठी.

आणि आण्णांचं ऊन? डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो. छपराची कड साडेआठ फुटांवर ठेवलीत, तर सकाळी नऊ वाजता १० फुटांची ओसरी ओलांडून ऊन भिंतीवर चढलेलं असेल. दहा वाजता ते पावणेआठ फुटांपर्यंत असेल, अकराला चार फुटांपर्यंत. त्यांनी खुर्ची जरा पुढेमागे सरकवली की अकरापर्यंत पाय उन्हात आणि डोकं सावलीत. मागच्या अंगणातही दक्षिणेचा भाग शेजाऱ्यांच्या बंगल्याच्या सावलीत हिवाळ्यात लवकर जातो, म्हणून मी ओसरी उत्तरेच्या टोकाला म्हटलं. आण्णांची खोलीही त्याच कोपऱ्यात आहे. त्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीखालची भिंत काढून तिथे दार करा. खिडकीवरची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, तशीच राहते, म्हणून हे काम फार अवघड नाही. एकदा इंजिनिअरला दाखवून घ्या म्हणजे झालं. खोलीला उत्तरेची खिडकी आहे, त्यामुळे समोर छप्पर आलं तरी अंधार होणार नाही. त्यांना स्वयंपाकघरातून वळसा घालून, दोन उंबरे ओलांडून जावं लागलं, तर ओसरी कितीही चांगली झाली तरी ते तिथे जाणार नाहीत. जागेची निवड दिशेवर जेवढी, तेवढीच दारावरही असते.

या जागेची खोडही सांगायला हवी. मे महिन्यात सकाळी आठ-नऊ वाजता पूर्वेचं ऊन ओसरीत पूर्ण शिरणार, दहानंतर ओसरणार. तेव्हा तुम्ही कडुनिंबाखाली असाल, पण भिंत तापेल. त्यासाठी माझ्या आवडीचा उपाय म्हणजे वेल. ओसरीच्या पुढच्या कडेला कुंड्यांत किंवा वाफ्यात दोडका लावा, आत्ताच, फेब्रुवारी संपायच्या आत. सुतळ्या वरपर्यंत ताणून द्या. एप्रिलमध्ये हिरवा पडदा तयार होतो, मे महिनाभर दोडके मिळतात, आणि पावसाळ्यानंतर वेल काढून टाकली की आण्णांचं ऊन मोकळं. कायमची जाळीची भिंत हे करू शकत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे ठाऊक आहे, पण चार-पाच वेलांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. वेल जमणार नसेल तर बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळता येणारे पडदे, सोडा. आणखी एक बारीक गोष्ट, जूनमध्ये सूर्य पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, त्यामुळे सहाच्या सुमाराला उत्तरेच्या बोळातून एक तिरपी पट्टी ओसरीच्या टोकाला येऊ शकते. त्या टोकाला एक चिक टांगायची सोय ठेवा.

वाऱ्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा आपल्याकडे बहुतेक पश्चिमेकडून येतो, आणि मागचं अंगण घराच्या आडोशाला पडतं. तुमच्या नकाशात पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत आहे. हे फार मोठं भाग्य आहे. पाच वाजता दोन्ही दारं उघडा, दोन्हींना जाळीची दारं बसवून घ्या, डासांची भीती नको. उत्तरेच्या बोळात गॅसचे सिलिंडर आणि जुनी ट्रंक ठेवली आहेत ती हलवा. त्या पाच फुटांतून वारा वेगानं मागे येतो, ती तुमच्या ओसरीची वाट आहे.

बांधकामात सगळ्यात जास्त लक्ष पायाकडे द्या. सोलापूर भागात काळी माती किती खोल आहे हे प्लॉटगणिक बदलतं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घरासारखं जड बांधकाम तिला दाबून धरतं, पण ओसरी हलकी असते, ती वरखाली होते. फरशा उचकटतात, खांब कलतात, घर आणि ओसरी यांच्यामध्ये तड जाते, आणि लोक सिमेंटला दोष देतात. खणून पाहा. काळी माती काढून टाका, मुरूम लागेपर्यंत खांबांचा पाया न्या, फरशीखाली मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्या. ओसरी घराच्या भिंतीला सिमेंटनं चिकटवू नका, मध्ये बोटभर फट ठेवून ती वरून पट्टीनं झाका. दोन्हींची हालचाल वेगळी असते. ठेकेदार याला जास्तीचा खर्च म्हणेल. पैसे वाचवायचे असतील तर फरशीत वाचवा, इथे नको.

फरशी शहाबादीच घाला, खडबडीत, पॉलिश न केलेली. शहाबाद आपल्यापासून लांब नाही, माल सहज मिळतो, आणि ओल्या पायानं आण्णा घसरणार नाहीत. चकचकीत टाइल्स मुळीच नकोत. शहाबादी चुनखडीचा दगड आहे, त्यावर ॲसिड ओतून घासू नका, पृष्ठभाग खातो. उतार १० फुटांत दोन-अडीच इंच, घरापासून दूर. आण्णांच्या नव्या दारात उंबरा नको, फारतर अर्ध्या इंचाचा फरक ठेवा, म्हणजे काठी अडणार नाही. भिंतीला धरायला एक दांडी बसवून घ्या, कमरेच्या उंचीला.

छपराला कौलं मला प्रिय आहेत, पण तुमच्या स्लॅबची उंची पाहता कौलांना लागतो तेवढा उतार मिळणार नाही. भिंतीकडे साडेदहा, कडेला साडेआठ, एवढ्यात पफ पॅनेल बसतं. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असलेलं हे पॅनेल उष्णता खाली उतरू देत नाही, पावसाचा आवाजही कमी. ते परवडत नसेल तर साधा पत्रा, वरून पांढरा रंग, आणि खाली चार-सहा इंच जागा सोडून बांबूची चटई. नुसता पत्रा नको, दुपारी तो वरून तव्यासारखा तापतो. पारदर्शक शीट तर नकोच, ती म्हणजे डोक्यावरची काच. वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडे किती पत्रे उडतात ते तुम्ही पाहता, तेव्हा खांबांना आणि पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना (पर्लिन) नटबोल्टनं नीट जखडा. कड दोन फूट पुढे काढा. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, परतीच्या पावसाची झड आत येते. पुढे काढल्यावर वर दिलेली उन्हाची मापं खांबापासून नाही, छपराच्या कडेपासून मोजायची हे लक्षात ठेवा, म्हणजे खांबापर्यंतची रुंदी आणि पुढे काढलेली कड मिळून १० फुटांत बसवा.

धुण्याचा दगड दक्षिणेच्या कोपऱ्यात हलवा आणि त्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा. ओसरीजवळ ओल राहिली की डास आलेच.

ओसरी १० फूट रुंद आणि १६ फूट लांब केलीत तर मागे ८ फूट मोकळे राहतात. तरीही काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशा दाखवा. प्लॉटच्या हद्दीपासून सामासिक अंतर किती सोडायचं, उघड्या ओसरीला काय लागू होतं, हे डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे आणि ती सोलापूरलाही लागू आहे. परवानाधारक इंजिनिअरकडून एकदा तपासून घेतलं की पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना अडत नाही. आणि उत्तरेच्या बोळावर छप्पर टाकू नका, घराच्या रेषेतच थांबा.

वास्तूचं बघणारे चुकीचं सांगत नाहीयेत. ईशान्येला जड नको, मोकळं हवं, असं ते म्हणाले. ही ओसरी चार लोखंडी खांबांवर उभी, भिंती नसलेली, सकाळच्या उन्हाला उघडी. त्यांना नकाशा दाखवा, मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत. तुमच्या घरापुरतं तरी त्यांचं म्हणणं आणि सूर्याचं म्हणणं एकच निघालं आहे.

मुलाला कसं सांगायचं हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण पत्रात तो आहे. त्याला नाही म्हणू नका. या रविवारी अंगण झाडून घ्या आणि एक खडू हातात घ्या. सकाळी आठ, दहा, दुपारी बारा, दोन, चार आणि पाच वाजता घराच्या सावलीची कड जमिनीवर आखा, शेजारी वेळ लिहा, फोटो काढा. पुढच्या बाजूलाही तसंच करा. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा आणि मार्चच्या मध्याला एकदा पुन्हा आखा, रेषा किती सरकतात ते दिसेल. हे फोटो त्याला पाठवा आणि त्याच्या खोलीतला त्याच वेळचा फोटो मागवा. त्याच्याकडे सूर्य कुठे आहे आणि आपल्याकडे कुठे, हे त्याला एका नजरेत कळेल. त्याचे पैसे ओसरीलाच लागू देत. पायाला, पफ पॅनेलला आणि आण्णांच्या दाराला चांगला खर्च आहे, ते त्याचंच देणं आहे.

मार्चच्या खुणा झाल्या की मला नकाशावर उतरवून पाठवा. खांबांची नेमकी जागा मी त्यावर आखून देते. तोपर्यंत ठेकेदाराला आगाऊ पैसे देऊ नका, आणि दोडक्याचं बी मात्र याच आठवड्यात लावा.